जामहून तपासून येणाऱ्या वह्या

लग्न होऊन मी घरात आली अन् माह्यं पहिलं भांडण झालं ते एका पिशवीवरून. बाकीच्या बायाईचं सासूवरून होते, पाटल्यावरून होते. माह्यं झालं खाकी कापडाच्या पिशवीवरून. शनिवारी सकाळची शाळा सुटली का आमचे मास्तर ते पिशवी गच्च भरत, तिचं तोंड सुतळीनं आवळत अन् फाट्यावर जाऊन जामच्या यष्टीत बंडूजी कंडक्टरच्या हवाली करून येत. जामले त्याईची मोठी बहीण देली होती, धुरपताबाई. सोमवारी सकाळच्या गाडीनं पिशवी वापस. मी तळेगावच्या बाजारात भाजी विकणाऱ्या घरची पोरगी, आमची काकडी कोणाच्या घरी गेली हे मले झोपेतही समजे. मले वाटलं, घ्या! परसातले वांगे चालले नणदेच्या घरी, अन् नव्या नवरीले कोणी सांगतही नाई.

हे साल असन चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर. समुद्रपूरकडच्या एका लहानशा गावात मास्तर प्राथमिक शाळेवर होते, अन् आम्ही शाळेच्या मागंच राहत होतो. एका शनिवारी ते आंघोळीले गेलते तवा मी सुतळी सोडली. आत वांगे नाई, काही नाई. वह्या! तिसरी-चौथीच्या पोट्ट्याईच्या शुद्धलेखनाच्या वह्या, अन् वर मास्तरनं स्वतः लिहिलेला एक अर्ज, शाळेची कौलं फुटली म्हणून सरपंचाले द्यायचा. मी सातवी शिकलेली, काही पंडित नाई. पण तो अर्ज वाचताना मलेही भातात खडे लागावे तसे लागले.

"अजी, हे काय हाये?"

"वह्या हायेत. बाई तपासून देते." मोठ्या बहिणीले ते बाई म्हणत.

"तुमच्या वर्गाच्या वह्या बहीण तपासते? अन् तुम्ही काय करता?"

"मी शिकवतो."

असं शांतपणं म्हटलं बाप्पा, जसं माणूस म्हणते का कपडे धोबी धुते. लाज नाई, शरम नाई. "मले ऱ्हस्व-दीर्घ समजतच नाई, शकू. कानामात्राही कवा कवा चुकते. लहानपणापासून बाईच पाहून देते." मी डोक्याले हात लावला. मास्तर पाहून माह्या बापानं पोरगी देली होती, अन् हा मास्तर तर आपल्या बहिणीच्या काठीवर चालून राह्यला!

ही काठी त्याच्या हातात देली माह्या सासूनं, रुख्माबाईनं. हिंगणी हे मास्तरचं गाव, तिथल्या शाळेत गुरुजी लय मारकुटे. पाटीवर चूक दिसली का हातावर शिंदीची छडी. श्रावण, म्हणजे आमचे मास्तर, अंगानं बारीक, रडका, मार बसला का दोन दिवस जेवे नाई. सासूनं पोरीले सांगतलं, "धुरपते, तू त्याची पाटी पाह्यत जाय वं. मार नाई बसला पाह्यजे माह्या पोराले." झालं. घंटा व्हायच्या आधी शाळेच्या मागं धुरपताबाई त्याची पाटी घे, चुकलेलं अंगठ्यानं पुसे अन् बरोबर लिहून दे. श्रावणनं ते पाहावं का नाई? ते नाई. तो चिंचा पाडत राहे. गुरुजी म्हणत, श्रावण हुशार आहे. सासू खूष, गुरुजी खूष, श्रावणही खूष.

पुढं ते डी.एड.ले वर्ध्याले गेले. तवा गावागावचे जेवणाचे डबे यष्टीनंच शहरात जात. हिंगणीचा डबा सकाळच्या गाडीनं वर्ध्याले जाये अन् संध्याकाळी रिकामा वापस येये. आमचा डबा रिकामा येये नाई. त्याच्यात मास्तरच्या पाठाचे टाचण घडी करून येत. धुरपताबाई सातवीतून घरी बसवलेली. भाकरी टाकायच्या आधी ते कागद दुरुस्त करे अन् भाजीच्या वाटीखाली घालून पाठवे. मास्तर ते दुरुस्त केलेलं जसंच्या तसं घोकत. परीक्षेत जे घोकलेलं येईन ते लिहीत, नवीन आलं तर दोन ओळीत आटपत. पास झाले, बाप्पा! नोकरीही लागली. त्याच्या आत धुरपताबाईचं लग्न जामच्या किसनरावसोबत झालं होतं. बाकीचे लोक नोकरी मांगताना गावात पाणी आहे का पाहते, दवाखाना आहे का पाहते. आमच्या मास्तरनं पाह्यलं, इथून जामले सीधी गाडी आहे का.

मी भांडाले जामले गेली. खरंच भांडालेच गेली, खोटं काहाले बोलू. म्हटलं, ह्या बाईनं माह्या नवऱ्याले मुठीत ठेवलं आहे, आज सोक्षमोक्ष लावून येतो. जाम म्हणजे हमरस्त्याचं गाव. ट्रका उभ्या, धूळ, अन् रस्त्याच्या काठाले किसनरावचं हॉटेल: चहा, भजे, आलूबोंडे. धुरपताबाई कढईपुढं बसली होती. अंबाड्यात लाल कांडीचा पेन खोचलेला. एक घाणा तेलात सोडे, हात पदराले पुसे, बाजूच्या बेसनाच्या पोत्यावरची वही उघडे, दोन ओळी पाहे, पुन्हा झारा हातात. माह्या लक्षात आलं का आमच्या शाळेतले पोट्टे सोमवारी वही मिळाली का आधी तिचा वास काऊन घेते. त्या वह्याले भज्याचा वास येये.

"ये शकू," तिनं मले पोत्याच्या बाजूले जागा करून देली. "भांडाले आली नं? भांड. मी वाटच पाहून राह्यली होती का कवा तुह्यी सटकते."

आता असं म्हटल्यावर माणसानं भांडावं तरी कसं? मी म्हटलं, "बाई, हे किती दिवस चालन?"

तिनं झारा कढईवर आडवा ठेवला. "मीच त्याले लंगडं केलं वं. मले का समजत नाई? मार वाचवला, अन् शिकणं बुडवलं. छडी चार दिवस दुखली असती, पाचव्या दिवशी त्यानं लिहिलं असतं बरोबर. मी त्याले चुकूच देलं नाई." तिचे डोळे भरून आले. तेलाच्या धुरानं नव्हते ते, मी समोर बसली होती. "मागल्या वर्षी मी एक केलं. चुकीच्या शब्दाभोवती नुसता गोल काढला, म्हटलं, आता तूच दुरुस्त कर. सोमवारी पाठवली, तर संध्याकाळच्या गाडीनं पिशवी तशीच वापस आली. चिठ्ठी: बाई, वेळ नाई, लिहूनच देजो. मी लिहून देलं, शकू. लोक हसतीन माह्या भावाले म्हणून लिहून देलं."

माह्या तोंडावर आलेल्या शिव्या मी तशाच गिळल्या. येताना तिनं माह्या पदरात भजे बांधून देले.

वर्षं गेली. पिशवी जाये, पिशवी येये. गावात मास्तरचं नाव झालं. एवढ्या वह्या दर आठवड्याले तपासणारा मास्तर पंचक्रोशीत नव्हता. मले मात्र गंमत वेगळीच दिसून राह्यली होती. पोट्टे दिवसेंदिवस बेफिकीर. शेजारच्या तानाबाईचा पोरगा गुलाब आमच्या अंगणात बसून घरचा अभ्यास करे. एक दिवस मी त्याले म्हटलं, "काऊन रे, एवढं गिचमीड, एवढं चुकीचं? जरा पाहून लिही नं." तर तो म्हणते, "काकू, चुकलं तरी काही होत नाई. शनिवारी जाते अन् सोमवारी बरोबर होऊन येते."

पोट्ट्याचं काय चुकलं? वही अशी दुरुस्त होऊन येत असन, लाल शाईनं सगळं बरोबर लिहून, तर कोणता शहाणा डोकं खपवन? एका श्रावणचे चाळीस श्रावण झाले होते.

चौऱ्यांशीच्या जूनमधे धुरपताबाईनं आपली पोरगी नलू आमच्या घरी ठेवली. रस्त्यावरचं हॉटेल, दिवसभर ट्रकवाल्याईची ये-जा, पोरगी मोठी होऊन राह्यली, म्हणून चौथीले मामाच्या शाळेत टाकली. मले लेकरू नाई. नलूच्या वेण्या घालता घालता माह्या सकाळा कशा जात, मलेच समजे नाई. पोरगी आईसारखीच, शांत अन् बारीक नजरेची. पुस्तक वाचताना बोट फिरवे अन् ओठ हलवे.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी शाळा तपासाले साहेब आले. आधीचे साहेब वह्या पाहत, चहा घेत अन् जात. हे नवीन होते. वह्या पाह्यल्या, वा वा केलं, मंग म्हणे, "आता पाट्या काढा." त्याईनं पुस्तकातल्या पाच ओळी सांगतल्या. वह्यात एक चूक तपासल्याबिगर राह्यली नाई, अन् पाट्याईवर एक ओळ धड नाई! एकाच पाटीवर सगळं बरोबर होतं, ते नलूची. साहेब मास्तरकडं वळले, म्हणे, "गुरुजी, आता मी सांगतो, तुम्ही फळ्यावर लिहा."

मास्तर म्हणे, "मनगट मुरगळलं आहे, साहेब."

साहेब काही दूधखुळे नव्हते. "दिवाळीनंतर परत येतो मी. तोवर मनगट बरं करून ठेवा. शाळेचा वार्षिक अहवाल माझ्यासमोर बसून लिहायचा आहे तुम्हाला. नाहीतर वरती कळवावं लागेल."

घरी येऊन या माणसानं धडधाकट मनगटाले हळदीचा लेप लावला. खोटं बोलले ते बोलले, वरून माह्यी हळद नासली. मी तोंडाले येईन ते बोलली. ते बोटानं लेप खरडून काढाले लागले. मंग म्हणे, "शकू, नोकरी जाईन." तवा मले पहिल्यांदा त्याईची कीव आली. त्याईचा आवाज पाटी घेऊन उभ्या राह्यलेल्या पोरासारखा झाला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंही जामले गेलो. मास्तरनं सगळं सांगतलं अन् म्हणे, "बाई, अहवाल तू आताच लिहून दे. मी घोकून घेतो."

धुरपताबाईनं कढई खाली उतरवली. "नाई."

"नाई म्हणजे?"

"आता नाई पाहाणार मी. तुह्यं नाई अन् तुह्या पोट्ट्याईचंही नाई. तुले लंगडं केलं ते माह्या पदरात पाप आहे, अजून चाळीस घरच्या पोराईचं कुठं ठेवू? तू ये. रोज शाळा सुटली का ये, इथं बस, मी पहिलीपासून शिकवतो तुले. तू शिकशीन, श्रावण. तुह्यं डोकं कमी नाई, तुले कोणी करूच देलं नाई."

"इथं बसू? ट्रकवाल्याईसमोर पाटी घेऊन? मास्तर हाओ मी!"

"म्हणूनच म्हणून राह्यली."

ते ताडकन उठले अन् गाडीत जाऊन बसले. मी मधात उभी. इकडं नवरा, तिकडं नणंद, अन् खरं सांगू का, मी मनातून नणदेकडं होती.

शनिवारी मास्तरनं तरीही पिशवी पाठवली. सोमवारी ती तशीच वापस आली, सुतळीची गाठही सुटलेली नव्हती. सासू हिंगणीहून जामले गेली अन् भर हॉटेलात पोरीले बोलली, "भावाच्या पोटावर पाय देतं का वं? एवढं काय जाते तुह्यं, चार रेघा ओढाले?" धुरपताबाई म्हणे, "आई, तू म्हटलं होतं पाह्यत जाय, म्हणून पाह्यलं. आता काय झालं ते तूही पाह्य." भाऊबीजेले मास्तर गेले नाई. नलू दिवाळीले घरी गेलती, तिनंच येऊन सांगतलं, "मामी, आई ताट घेऊन शेवटच्या गाडीपर्यंत दारात बसली होती. मंग तिनं निरांजन विझवलं अन् कांदे चिरत बसली."

मी मास्तरशी बोलणं टाकलं. लागलं तेवढं भांड्याच्या आवाजानं सांगत होती.

मंग दिवाळीची सुट्टी सरली अन् एक नवलच झालं. पिशवी जाईना, पण गुलाबच्या वहीत लाल शाई आली. बाकीच्या पोट्ट्याईच्याही वह्या पाह्यल्या, त्याईतही. चुकीचं खोडून बरोबर लिहिलेलं. मास्तर शाळेतून उशिरा येऊन राह्यले होते, चेहऱ्यावर जरा उजेड होता. मले वाटलं, शिकून राह्यला बाप्पा हा माणूस! एकटा बसून, लपून छपून का होईना, पण शिकून राह्यला. त्या दिवशी मी त्याईच्या ताटात तुपाची धार जास्त सोडली. अन् बंडूजी कंडक्टरले फाट्यावर गाठून निरोप देला, "बाईले सांगजो, मास्तर आपल्या हातानं वह्या तपासून राह्यले."

दुसऱ्याच दिवशी दुपारच्या गाडीनं धुरपताबाई हजर. हातात रव्याच्या लाडवाचा डबा. गाडीतून उतरली अन् रस्त्यातच माह्या गळ्यात पडली. हसे, रडे, पुन्हा हसे. "माह्या डोक्यावरचं वझं उतरलं वं शकू. एवढी वर्षं मी देवाले हेच मांगून राह्यली होती. चाल, आधी शाळेत चाल. माफी मांगतो त्याची, भाऊबीजेचं राह्यलं ते आज करतो."

शाळेची मधली सुट्टी झालती. पोट्टे पटांगणात खो-खो खेळत होते, निस्ता गोंगाट. वर्गात मास्तर टेबलाजवळ पेपर वाचत होते. अन् कपाटाच्या आड, तरटावर, नलू. मांडीवर वही, बाजूले वह्यांचा ढीग, हातात लाल पेन. बोट फिरून राह्यलं होतं, ओठ हलून राह्यले होते.

तिनं मान वर केली. "आई! थांब वं जरा, सात वह्या राह्यल्या."

धुरपताबाईच्या हातातला डबा मी धरला, नाई तर पडलाच असता.

"कोणं सांगतलं तुले हे कराले?"

"मामानं." पोरगी खुशीत होती, तिले वाटलं आई शाबासकी देईन. "मामा म्हणते, नलू, तुह्या आईनं मले टाकून देलं, आता तुह्याच भरोसा हाये. घरी नोको सांगू म्हणे. मी सगळ्याईच्या पाहातो, आई. अहवालही पाहाणार हाओ."

"खेळाले नाई जात तू?"

"खेळाले गेली तर मामाचं कोण करन?"

मास्तर उभे झाले होते. काही बोलाले तोंड उघडलं, पण धुरपताबाईनं टेबलावरचा खडू उचलून त्याईच्या हातात देला. "लिही."

"बाई, पोट्टे पाहून राह्यले..."

"पाहू दे. एक ओळ लिही. तुह्यी स्वतःची. कशीही लिही, चुकलेली लिही, मी हसणार नाई अन् कोणाले हसूही देणार नाई. माह्या समोर एक ओळ लिही, श्रावण."

दारात पोट्टे जमले, गुलाब सगळ्याईच्या पुढं. मास्तर फळ्याकडं वळले. तीन शब्द लिहिले. चौथा अर्धा लिहिला अन् हात थांबला. मले वाटलं, आता बहिणीकडं पाहीन, आता म्हणन, बाई सांग नं. त्याईनं बहिणीकडं नाई पाह्यलं. त्याईनं वळून नलूकडं पाह्यलं. अन् नलूचे ओठ हलले, आवाज न करता, एक एक अक्षर सांगत.

धुरपताबाईनं पोरीच्या थोबाडीत मारली.

जन्मात तिनं त्या पोरीवर हात उचलला नव्हता. दारातले पोट्टे मागं सरकले. नलू गालावर हात ठेवून आईकडं पाहत राह्यली. रडली नाई. म्हणे, "आई, मामाले काऊन तरास देतं? त्याले नाई येत तर काय झालं? मले येते नं."

धुरपताबाई मटकन खाली बसली अन् मोठ्यानं रडाले लागली. "शकू, हे मीच हाओ वं. हे पोट्टं नाई, मीच हाओ." मी तिले धरलं, पण माह्याच्यानं ते आवरेना. मास्तर फळ्यापुढं तसेच उभे. मले त्याईचा राग येत होता अन् त्याईच्याकडं पाहवतही नव्हतं, दोन्ही.

मंग ती उठली, डोळे पुसले अन् नलूच्या हातातला पेन काढून टेबलावर ठेवला. "श्रावण," ती म्हणे, अन् आवाज अगदी साधा होता, "माह्यं जे गेलं ते मी माह्या हातानं देलं, त्याचं तुले काही म्हणत नाई. हे पोरगी मी देणार नाई." त्याच दिवशीच्या गाडीनं ती नलूले घेऊन जामले गेली. माह्या घरातल्या खुंटीवर पोरीच्या रिबिनी तेवढ्या राह्यल्या.

साहेब येणार होते त्याच्या आदल्या दिवशी सकाळपासून मास्तर अंगणात अहवाल लिहून पाहाले कागद घेऊन बसले होते. मी समोर सूप घेऊन तांदूळ निवडत होती. लिहीत, थांबत, खोडत. अर्ध्या पानाले दुपार झाली. मंग त्याईनं कागद माह्याकडं फिरवला, एका शब्दावर बोट ठेवलं अन् अगदी हळू विचारलं, "शकू, हे बरोबर हाये का वं?"

आता एक गोष्ट आजवर कोणाले माहीत नाई. एवढी वर्षं त्या वह्या माह्याच घरातून गेल्या अन् माह्याच घरात आल्या. भाजी निवडता निवडता मी चूक कोणती अन् लाल शाईनं काय केलं ते पाहत राह्यली. कोणी शिकवलं नाई, कोणी विचारलंही नाई, पण मले येते. तो शब्द मले चांगला येत होता. त्याईच्या कपाळावर घाम होता, उद्या नोकरीचा निकाल होता, घर दोघाईचं होतं, अन् मले नुसतं हाव किंवा नाई म्हणायचं होतं.

मी म्हटलं, "मले नाई माहीत."

ते माह्या तोंडाकडं पाहत राह्यले. मंग कागद आपल्याकडं ओढला अन् स्वतःच्या मनानं तो शब्द लिहिला. मी वाकून पाह्यलं, तर तो चुकीचा होता. बरोबर शब्द माह्या जिभेवर आला. मी सूप उचललं अन् घरात निंगून गेली.